गरोदरपणातली दारू : खानदेशात न विचारला जाणारा प्रश्न

खानदेशात दारूवर कमी बोलले जात नाही. दारूबंदीसाठी ग्रामसभा तापतात, हातभट्ट्यांवर धाडी पडतात, रसायनाचे ड्रम ओतून दिल्याचे फोटो वर्तमानपत्रांत येतात. या सगळ्या बोलण्यात पिणारा पुरुष असतो आणि सोसणारी बाई असते. गरोदर बाईच्या पोटात दारू गेली तर पुढे तिच्या मुलाचे काय होते, हा प्रश्न मात्र जळगाव-धुळ्याच्या चर्चेत क्वचितच येतो. मुलावर झालेला परिणाम दिसतो, पण तो दुसऱ्याच नावाने. पोर कमी वजनाचे जन्मले, उशिरा चालले, शाळेत मागे पडले, वर्गात टिकलेच नाही, असे आपण म्हणतो. त्यामागची शक्यता तपासून पाहायची राहून जाते.

वैद्यकशास्त्रालाही ही गोष्ट उशिराच कळली. फ्रान्समधल्या नांत शहरात पॉल लमुआन या बालरोगतज्ज्ञाने 1968 मध्ये दारूचे व्यसन असलेल्या आईबापांच्या 127 मुलांचा अभ्यास छापला. वाढ खुंटलेली, चेहऱ्याची ठेवण एकसारखी, वागणे अस्थिर अशी ती मुले होती. लेख फ्रेंचमध्ये होता, बाहेर फारसा कोणी वाचला नाही. 1973 मध्ये अमेरिकेत सिॲटलच्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी तेच चित्र ‘लॅन्सेट’मध्ये मांडले आणि त्याला ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’ हे नाव मिळाले. त्याच सुमारास पाश्चात्त्य रुग्णालयांत मुदतीआधी सुरू झालेल्या कळा थांबवण्यासाठी बाईच्या शिरेतून अल्कोहोल देत होते. म्हणजे डॉक्टरांनाही ते औषध वाटत होते, हे सातपुड्याच्या पाड्यावरच्या बाईला अडाणी ठरवण्याआधी आपण लक्षात ठेवावे. गरोदर बाईने दारू घेऊ नये, असा अधिकृत सल्ला अमेरिकेच्या सर्जन जनरलनी दिला तो 1981 मध्ये.

दारू वारेतून सहज पार होते. आईच्या रक्तात जेवढी चढते, जवळजवळ तेवढीच बाळाच्या रक्तात पोचते. आईच्या यकृतात या दारूचे हळूहळू विघटन होते. बाळाचे यकृत अजून त्या कामाचे झालेले नसते. गर्भजलातही दारू उतरते, तिथे रेंगाळते आणि बाळ तेच पाणी पुन्हा गिळते. तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात बाळाचे अवयव आणि चेहरा घडत असतो. या काळात कितीतरी बायकांना दिवस गेल्याचेही नक्की ठाऊक नसते. मेंदू मात्र नऊही महिने घडत असतो. म्हणून चेहऱ्यावर काहीही न दिसता मेंदूला इजा झालेली मुले जास्त असतात. उलट बाजूने पाहिले, तर पाचव्या किंवा सातव्या महिन्यात दारू सोडली तरी बाळाचा फायदाच होतो. ‘आता जे व्हायचे ते होऊन गेले’ असे कोणत्याही बाईला सांगू नये, ते खरे नाही. किती प्यायली तर चालेल, याचा सुरक्षित आकडा आजवर कोणाला ठरवता आलेला नाही.

पूर्ण स्वरूपाचा विकार असेल तर तीन खुणा चेहऱ्यावर दिसतात : डोळ्यांची फट आखूड असते, वरचा ओठ पातळ असतो आणि नाक व ओठ यांच्यामधली पन्हळ सपाट झालेली असते. शिवाय उंची-वजन कमी, डोके लहान. पण घराला आणि शाळेला छळते ते वागणे. असे मूल काल शिकलेले आज विसरते. एका वेळी दोन गोष्टी सांगितल्या तर एकच करते किंवा एकही नाही. पैशाचा आणि वेळेचा हिशेब त्याला जमत नाही, धोका कळत नाही, कोणाच्याही मागे जाते. बोलण्यात चुणचुणीत असल्याने ‘मुद्दाम करतो’ असे मोठ्यांना वाटते आणि मार बसतो. मारातूनही ते शिकत नाही, कारण केल्याचा आणि भोगल्याचा सांधाच त्याच्या मेंदूत नीट जुळत नाही.

2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार जगात साधारण दहातली एक बाई गरोदरपणात दारू घेते. अशा दर 67 बायकांमागे एकीचे मूल पूर्ण स्वरूपाच्या विकाराने जन्मते. वर्षाला ही सुमारे 1 लाख 19 हजार मुले होतात, आणि सौम्य स्वरूपाची त्याहून कितीतरी जास्त. आता महाराष्ट्राकडे पाहू. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या 15 वर्षांवरच्या पुरुषांत सुमारे 14 टक्के दारू घेणारे निघाले आणि बायकांत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. हा आकडा वाचून कोणीही म्हणेल की हा आपला प्रश्नच नाही.

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात, तापीकाठच्या कापसाच्या गावांत, जळगाव-धुळे शहरांच्या बहुतेक वस्त्यांत हे म्हणणे बरेचसे खरे आहे. तिथे बाईने दारूला शिवणे म्हणजे घराण्याची अब्रू जाणे. पण सरासरी डोंगर आणि सपाटी एकाच पट्टीने मोजते. 2011 च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची 14 टक्क्यांहून थोडी जास्त लोकसंख्या आदिवासी होती, तर धुळे जिल्ह्याची 31 टक्क्यांहून जास्त. चोपडा, यावल, रावेर आणि शिरपूर तालुक्यांत सातपुड्याच्या कुशीत पावरा आणि भिल्लांचे पाडे आहेत. साक्रीच्या पश्चिमेला कोकणा, मावची, भिल्ल राहतात. देशपातळीवर आदिवासी बायकांत दारू घेण्याचे प्रमाण इतर बायकांपेक्षा जास्त आहे, हे याच सर्वेक्षणात दिसते. मोहाच्या झाडाखाली फुले पडू लागली की पहाटे टोपल्या घेऊन बायका-पोरे वेचायला जातात. ते फूल अन्न आहे, गोड आहे, वाळवून वर्षभर पुरते, बाजारात विकले जाते. त्याचीच दारूही होते. देवाला तिची धार पडते, सोयरीक तिच्यावर पक्की होते, होळीला आणि मयताला ती लागते. अशा प्रसंगी बाई घोटभर घेते तेव्हा ती व्यसनी होत नाही, ती आपल्या समाजाची रीत पाळत असते. या रिवाजाला पाप म्हणणारा बाहेरचा माणूस पाड्यावर पहिल्याच दिवशी हरतो.

तरीही गर्भातल्या बाळाला रीत आणि व्यसन यातला फरक कळत नाही, हे तिथे जाऊन सांगावेच लागेल. घरी गाळलेल्या दारूचा जोर मोजलेला नसतो. पहिल्या धारेचा पेला आणि शेवटच्या धारेचा पेला दिसायला सारखाच असतो, आत फरक मोठा. हातभट्टीत गूळ आणि नवसागर टाकून लवकर उकळलेली दारू तर आणखी बेभरवशाची. ‘थोडीच घेते’ या उत्तरावरून बाळाला किती पोचली हे कोणत्याही डॉक्टरला ठरवता येणार नाही.

यातला सर्वांत गंभीर मुद्दा मला पोषणाचा वाटतो. जगात या विकाराचा सर्वांत खोल अभ्यास झाला तो दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केप प्रांतात. तिथल्या द्राक्षमळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या मजुरांच्या मजुरीचा काही भाग दारूत दिला जाई. ती पद्धत कायद्याने बंद झाली तरी पिणे राहिले, आणि शाळेच्या पहिलीच्या वर्गांत या विकाराची मुले जगात इतरत्र न दिसणाऱ्या प्रमाणात सापडली. फिलिप मे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या आयांची बारकाईने पाहणी केली. ज्यांची मुले बाधित झाली त्या आया ठेंगण्या, हडकुळ्या, कमी खाणाऱ्या, जास्त बाळंतपणे झालेल्या होत्या. तेवढीच दारू धडधाकट, पोटभर जेवणाऱ्या बाईच्या बाळाला कमी इजा करते आणि उपाशी बाईच्या बाळाला जास्त. प्राण्यांवरच्या प्रयोगांत लोहाची कमतरता असेल तर दारूचा घाव आणखी खोल जातो, असेही दिसले आहे.

हे वर्णन सातपुड्यातल्या बाईला लावून पाहावे. महाराष्ट्रातल्या गरोदर बायकांपैकी निम्म्याच्या आसपास रक्तक्षयाने ग्रासलेल्या आहेत, हा राज्याचा आकडा झाला. पाड्यावर त्यात सिकलसेलची भर पडते. दिवाळीनंतर धुळे जिल्ह्यातून आणि चाळीसगावकडून टोळ्या उसाला निघतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर जाते, कोणी दक्षिण गुजरातेत. मुकादमाची उचल फेडायची असते म्हणून पोटुशी बाईही कोयता घेते. फडात पहाटेपासून राबायचे, झोपडीत राहायचे, गावातली अंगणवाडी आणि आशाताई मागे राहिलेल्या. दिवसभराच्या श्रमाने अंग ठणकत असताना कोणी घोटभर पुढे केली तर ती घेणाऱ्या बाईला दोष देण्याआधी तिच्या ताटात काय होते हे विचारले पाहिजे. दक्षिण आफ्रिकेच्या मळ्यात आणि आपल्या उसाच्या फडात नेमके तेच घडते असे मी म्हणत नाही. पण धोका वाढवणारी कारणे ओळीने इथेही हजर आहेत.

शहराचा भाग थोडक्यात सांगतो. जळगाव-धुळ्याच्या सुखवस्तू घरांतही पार्टीत बिअर किंवा वाइन घेणाऱ्या तरुण बायका आता आहेत. ‘चांगल्या घरच्या’ बाईला हा प्रश्न विचारायला डॉक्टरच संकोचतात, म्हणून त्या कुठल्याही नोंदीत येत नाहीत. दारू न समजता दारू पोटात जाण्याच्याही वाटा आहेत. आसवे आणि अरिष्टे आंबवून केलेली असतात, त्यांत अल्कोहोल आपोआप तयार होते आणि बाटलीवर तसे लिहिलेलेही असते. बाळंतिणीला दशमूलारिष्ट देण्याची पद्धत घरोघरी आहे. गरोदरपणात मात्र असे कुठलेही औषध वैद्याला विचारल्याशिवाय घेऊ नये. सर्दी झाली म्हणून तान्ह्या बाळाला ब्रँडीचे थेंब चाटवणारी घरे आजही आहेत. ते थेंब बाळाला औषध म्हणून काहीही करत नाहीत, धोका मात्र खरा असतो.

आता उलट बाजूची काळजी. मागे पडलेल्या प्रत्येक मुलाच्या आईकडे बोट दाखवणे हा मोठा अन्याय होईल. कमी वजन, जन्मताना गुदमरणे, कुपोषण, थायरॉइड, सिकलसेल, जवळच्या नात्यातले लग्न, यांतल्या कशानेही मूल मागे पडू शकते. तंबाखूचा वाटा तर आपल्याकडे दारूहून मोठा आहे : राज्यातल्या सुमारे 11 टक्के बायका कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरतात, आणि मिश्री लावणारी गरोदर बाई आपण काही व्यसन करतो असे मानतच नाही. एकाच मुलात यांतली तीन-चार कारणे एकत्र येतात. म्हणूनच चेहरा पाहून अंदाज बांधण्यापेक्षा आईला आधीच, न दुखावता, विचारलेले असणे महत्त्वाचे.

आणि बाप? बाळाच्या नुकसानीची चर्चा निघाली की सगळा भार आईच्या पदरात टाकण्याची सवय जगभर आहे. लमुआनच्या अभ्यासात दारुडे बापही होते, हे पुढे विसरले गेले. गर्भधारणेआधी बापाने घेतलेल्या दारूचा परिणाम पिलांवर होतो, असे उंदरांवरचे अलीकडचे प्रयोग सुचवतात. माणसांत अजून ते ठरायचे आहे. घरात जे दिसते त्याला मात्र प्रयोगशाळेची गरज नाही. राष्ट्रीय सर्वेक्षण सांगते की नवरा वारंवार दारू पिऊन तर्र होतो त्या घरांतल्या दहापैकी सुमारे सात बायकांनी नवऱ्याची मारहाण किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे. नवरा पीत नाही तिथे हे प्रमाण चारपैकी एकीहूनही कमी आहे. पोटावर बसलेली लाथ, गुत्त्यावर गेलेली मजुरी, त्यामुळे न शिजलेले जेवण हेही गर्भाला बाधणाऱ्या दारूचेच मार्ग आहेत. त्या घरात बाई स्वतः पीत असेल तर बहुधा नवऱ्याच्या सोबतीने किंवा त्याच्या जबरदस्तीने. नवऱ्याला बाजूला ठेवून तिला एकटीला सोडायला सांगणे निरुपयोगी आहे.

खानदेशाच्या इतिहासात दारू सोडण्याची ताकद बाहेरून आलेली नाही. 1930 च्या दशकात, तेव्हाच्या पश्चिम खानदेशात, तळोदा तालुक्यातल्या मोरवडच्या गुलाम महाराजांनी भिल्लांना दारू सोडायला, स्वच्छ राहायला आणि एकमेकांना ‘आप’ म्हणून मान द्यायला शिकवले. 1938 मध्ये ते गेले. त्यांच्या मागे भाऊ रामदास महाराजांनी ती चळवळ चालवली. पुढे 1972 च्या सुमारास शहाद्यात, जे त्या वेळी धुळे जिल्ह्यातच होते, अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेच्या लढ्यातून भूमिहीन भिल्ल बायका उभ्या राहिल्या. जमीन आणि मजुरीच्या मागण्यांबरोबर त्यांनी गावोगावी जाऊन दारूचे गुत्ते आणि मडकी फोडली, बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना जाब विचारला. महाराष्ट्रातल्या स्त्रीचळवळीच्या पहिल्या ओळीत या बायकांचे नाव आहे. शहादा आज नंदुरबार जिल्ह्यात आहे, कारण 1 जुलै 1998 ला धुळ्याचे दोन तुकडे झाले. पण वारसा दोन्हीकडचा आहे.

सरकारची वाट वेगळी होती. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा, मग परवाने, मग दुकाने, आणि बायकांच्या मागणीवरून मतदान घेऊन गावातली ‘बाटली आडवी’ करण्याची सोय. ही सोय मोलाची आहे, तिच्यासाठी बायका रणरणत्या उन्हात रांगेत उभ्या राहिल्या आहेत. पण मतदानाने बंद होते ते परवान्याचे दुकान. घरातल्या चुलीवरची मोहाची आणि नाल्याकाठची हातभट्टी त्या मतपत्रिकेत नसते. शिवाय दारू गाळणारी बाई बऱ्याचदा विधवा किंवा टाकलेली असते आणि तेच तिचे पोट असते. धाड घालून तिचे भांडे फोडले की आठवड्याने ते पुन्हा चढते. बंदीच्या चर्चेत गर्भ कधी आला नाही, याचे कारण बंदी दुकानाकडे पाहते, पोटाकडे पाहायला आरोग्यखाते लागते.

आरोग्यखात्याकडे साधने आहेत, हे आवर्जून सांगितले पाहिजे. प्रत्येक महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांची तपासणी होते. आदिवासी भागात 2015 पासून अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण जेवण मिळते. वरचा पोषणाचा मुद्दा पाहता, दारूच्या प्रश्नावरची ही सर्वांत उपयोगी योजना मी मानतो, जरी ती त्यासाठी काढलेली नाही. बाळंतपणानंतर आशाताई 42 दिवसांत अनेकदा घरी येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्याच राज्यात, पालघरमध्ये सुरू झाला. त्याची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत मुले तपासतात. पण त्यांच्या यादीतल्या 30 आजारांत गर्भावस्थेतल्या दारूने होणारा विकार नाही. यादीत नाही म्हणून शोधत नाहीत, शोधत नाहीत म्हणून सापडत नाही, आणि सापडत नाही म्हणून यादीत येत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांतही त्याचे नाव नाही. बौद्धिक दिव्यांगता किंवा अध्ययन अक्षमता या सदरात यातल्या काही मुलांना प्रमाणपत्र मिळू शकते, पण त्यासाठी कोणीतरी पोराला जिल्हा रुग्णालयापर्यंत न्यायला हवे.

नेऊन उपयोग काय, असे विचारले जाते, कारण मेंदूची इजा भरून येत नाही. उपयोग आहे. सिॲटलच्या ॲन स्ट्रेसगुथ यांनी अशा शेकडो मुलामाणसांच्या पुढच्या आयुष्याचा माग घेतला, तेव्हा शाळा सुटणे, व्यसन, पोलिसांचे लफडे हे सगळे त्यांच्या वाट्याला फार आलेले दिसले. मात्र ज्यांचे निदान सहा वर्षांच्या आत झाले आणि ज्यांना मायेचे, स्थिर घर मिळाले, त्यांच्यात हे पुष्कळ कमी होते. एका वेळी एकच सूचना, रोजचा ठरलेला क्रम, मार नाही, जबाबदारी सोपी आणि रोजचीच. हे शिक्षिकेला आणि आजीला सांगितले की मुलाचे दिवस बदलतात. दरवर्षी सहा महिने उसाच्या फडावर जाणाऱ्या मुलाला नेमके हेच स्थैर्य मिळत नाही. म्हणून आईबाप फडावर गेले तरी मुलांना गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहाचा प्रश्नही याच प्रश्नाचा भाग आहे.

करायचे काम मोठ्या खर्चाचे नाही. नावनोंदणीच्या पहिल्याच भेटीत, बाई एकटी असताना, आशाताईने किंवा नर्सने लोहाच्या गोळ्यांसारखेच सहज विचारावे : ताई, सणावाराला किंवा एरवी दारू, ताडी घेता का? मिश्री लावता का? घरात कोण पितं? उत्तर ‘हो’ आले तर रागवायचे नाही, कारण रागावलेली बाई पुढच्या तपासणीला येत नाही. रोज आणि भरपूर पिणाऱ्या बाईला ‘आजच सोड’ असेही सांगू नये. सवय जुनी असेल तर एकदम सोडल्याने झटके येऊ शकतात, ते आईला आणि बाळाला धोक्याचे असते. तिला डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडवावे लागते. सल्ल्यासाठी 14416 हा टेली-मानसचा मोफत क्रमांक आहे. पावरी, भिल्ली, अहिराणी बोलणाऱ्या कार्यकर्तीने हे सांगितले तर ते पोचेल, आणि पाड्यावरच्या म्हाताऱ्या बायकांनी मनावर घेतले तर सणातही पोटुशीला वगळण्याची रीत पडू शकते.

बाटलीवरची सूचना हे सरकारच्या हातातले काम आहे. 2019 पासून आपल्या देशात दारूच्या बाटलीवर दारू आरोग्याला घातक आहे आणि पिऊन गाडी चालवू नका, एवढेच छापणे सक्तीचे आहे. गरोदर बाईचा त्यात उल्लेख नाही. फ्रान्सने 2007 मध्ये गरोदर बाईची खूण प्रत्येक बाटलीवर आणली, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने 2023 पर्यंत ती सक्तीची केली. वाचता न येणाऱ्या बाईलाही चित्र कळते. महाराष्ट्राने देशी दारूपासून सुरुवात करून अशी खूण आणि मराठीत एक ओळ छापण्याचा आग्रह केंद्राकडे धरावा, आणि जळगाव-धुळ्याच्या आमदार-खासदारांनी ही मागणी सभागृहात मांडावी. मोहाच्या दारूला लेबल नसते, तिथे आशाताईच लागेल. वाचकांना एवढेच सांगणे : तुमच्या घरात, शेतावर किंवा टोळीत कोणी गरोदर असेल, तर तिला पुढचे नऊ महिने दारू देऊ नका, कोणाला देऊ देऊ नका, आणि तिचे जेवण वेळेवर होते का ते पाहा.